शंभर तास

ठुप.

एवढाच आवाज. वीज आल्याचा. पंखा अजून हललाही नव्हता, फ्रिजनं घसा खाकरला नव्हता, त्याच्या आधी समोरच्या भिंतीशी उभ्या असलेल्या त्या दोन पेट्या एकदमच हे एक अक्षर बोलल्या – दोन माणसं एकाच वेळी काही सांगायला जावीत आणि दोघंही थांबावीत, तशा. मग अॅम्प्लिफायरवरचा मसुराच्या डाळीएवढा लाल दिवा लागला. सुधानं हातातली मेथीची जुडी परातीत ठेवली, आणि उठता उठता ती थांबली, कारण पेट्यांसमोर मांडी घालून बसलेली अबोली म्हणाली,

"आई, ह्याचं पोट पुढं आलं. आणि त्याचं आत गेलं."

"हात लावू नकोस हं."

"नाही लावला. त्यांचं त्यांनीच केलं."

"बरं, बरं."

चार वर्षांच्या मुलीला दिवसभरात शंभर गोष्टी दिसतात आणि त्यातल्या नव्वदांना आई बरं म्हणते. सुधानं कॅसेट पुन्हा सुरू केली, आवाजाचं बटण आनंदनं पेन्सिलीनं केलेल्या खुणेवर आहे ना पाहिलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन घड्याळाकडे बघितलं. साडेदहाला गेलेली वीज सव्वाबाराला आली. म्हणजे पावणेदोन तास बुडाले. शनिवारच्या चौकोनात – जिथे एरवी दूध न आल्याची फुली असते तिथे – सकाळपासून वाजलेल्या तासांच्या तीन बारीक रेघा होत्या. रविवारच्या चौकोनात काही नव्हतं. उद्या सकाळी तिला सांगायचं होतं… ठेवायचे की परत.

मागच्या रविवारी संध्याकाळी आनंद पुण्याहून हे स्पीकर घेऊन आला. हॉस्टेलवर असल्यापासून त्याच्या मनात होते. एमआयडीसीतल्या नोकरीची सहा वर्षं झाली, लग्न झालं, अबोली झाली, मोटारसायकल आली, फ्रिज आला, आणि मग हे. खोकी उघडताना त्याचे हात चालत होते ते अबोलीच्या जन्मानंतर दवाखान्यात दुपट्याची गाठ सोडताना चालले होते तसे. नेमकी तेव्हाही वीज गेली. पण त्याला थांबवेना. त्यानं टॉर्चच्या उजेडात तारा सोलल्या, मागच्या खटक्यांत बसवल्या. टॉर्च मीच धरली होती, सुधाला आठवलं. आणि मी तारांकडे बघतच नव्हते, मी त्याच्याकडे बघत होते – ओठ मुडपून, भुवया एकत्र आणून, घाम निथळत असलेला तो माणूस मला आवडतो, आणि तो तसा वर्षातून एखाद्या वेळी दिसतो.

वीज आली, कॅसेट लागली, आणि त्याचा चेहरा हळूहळू… नाही, पडला नाही. तो फक्त थांबला. आवाज आला होता, स्वच्छ होता, पण पत्र्यावर चणे पडावेत तसा टोचत होता, आणि तबल्याचा डग्गा कुणीतरी घरी विसरून आल्यासारखा. आनंद खुर्ची मागे-पुढे करून बसला. मग म्हणाला, "नवीन आहेत. उघडायला वेळ लागतो. दुकानदारानंही सांगितलं, शंभर तास वाजवा. ही कडा दिसते ना रबराची? ती आत्ता ताठ आहे. सारखी थरथरली की मऊ पडेल. खालचा आवाज येईल, वरचा टोचायचा थांबेल. नव्या बुटासारखं असतं गं हे."

"मधे कुणी नाही," ती म्हणाली होती.

"काय?"

"म्हणजे… आवाज मधनं येत नाही. डोक्याच्या मागं कुठंतरी लटकलाय."

तो हसला. वाईट हसला नाही, आनंद वाईट हसत नाही. "मधे कोण असणार? मधे भिंत आहे."

तेव्हा तिलाही हसू आलं, आणि ती कुकर लावायला गेली.

पण जेवताना तो म्हणाला, आठ दिवसांत दुकानदार परत घेतो. मी कारखान्यात असणार, दिवसभर ऐकणार तूच. रविवारी सकाळी तू सांगायचं. तू म्हणशील तसं. – तू म्हणशील तसं. भाजीच्या आणि अबोलीच्या फ्रॉकच्या बाहेर हे वाक्य या घरात पाच वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि आनंदला ते कळलंही नाही, त्यानं कोशिंबीर वाढून घेतली. सुधा मात्र त्या रात्री भांडी विसळताना ते वाक्य हळूच पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, नवी बांगडी हातात फिरवून बघावी तसं.

तेव्हापासून घर वाजतंय. सकाळी सातला आनंद पहिल्या पाळीला गेला की सुरू. ती भाकरी थापते ते सतारीवर, कपडे धुते ते बासरीवर. पहिल्या दिवशी तिनं धूळ बसू नये म्हणून क्रोशाचे दोन रुमाल पेट्यांवर घातले होते, टीव्हीवर आहे तसेच, निळ्या किनारीचे. आनंदनं संध्याकाळी ते घडी करून तिच्या हातात दिले. "यांच्या तोंडावर कापड घालायचं नसतं." मग त्यानं पुढच्या जाळ्याही काढून ठेवल्या. तेव्हापासून ते दोन काळे गोल दिवसभर उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघतात.

बुधवारी दुपारी तिला पहिल्यांदा वाटलं, की झांज टोचत नाहीये. खरंच. वरचा आवाज मऊ झाला होता, साय धरल्यासारखा. ती आनंदून कॅलेंडरवर रेघ ओढायला गेली, आणि पेन्सिल टेकवताना हात थांबला. पेटीची कडा मऊ झाली, की माझ्या कानाला घट्टा पडला? खुरप्यानं पहिल्या चार दिवसांत तळहाताला फोड येतात, सोलून निघतात, आणि मग काही वाटेनासं होतं. खुरपं तेच असतं. कुणी म्हणत नाही की खुरपं रुळलं.

रुळेल. – सासूबाईंचा शब्द. लग्नात परातीत तांदूळ पसरले होते आणि त्यात आनंदनं अंगठीनं नाव लिहिलं, सुधा. माहेरचं नाव झुंबर होतं. तिनं वाकून वाचलं आणि क्षणभर खरोखरच इकडे तिकडे पाहिलं, कुणाचं म्हणून. सासूबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, रुळेल हळूहळू, नवीन आहे. सासरची माणसं चांगली. माहेरच्यांसारखेच त्यांचेही पूर्वज मेंढरांमागे फिरलेले, पण सासरे आप्पासाहेब तीस वर्षं बारामतीत कचेरीत, घरातला शब्द न् शब्द कडक इस्त्रीचा. झुंबरचा आवाज माहेरी, सणसरला, उसाच्या या टोकाकडून त्या टोकाला भावाला जेवायला बोलवायचा, तोच आवाज पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातून निघाला, तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, इथं रान नाही, दोन हातांवर माणूस आहे." त्यात राग नव्हता. म्हणूनच तर ते लागलं आणि राहिलं. मग हाय चं आहे झालं, हितं चं इथं झालं, आवाज एक एक बोट उतरत गेला, आणि आनंद मित्राला अभिमानानं म्हणाला, कुणाला ओळखूही येणार नाही ती सणसरची आहे.

कडा मऊ पडते. तासांचा प्रश्न असतो. मीही तास मोजलेच की… कॅलेंडरवर नाही, इतकंच.

बारामतीच्या बाजारच्या दिवशी, गुरुवारी, तिचे वडील, तात्या, आले होते. दरवेळी येतात तसे, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि अबोलीसाठी गुडदाणी. पायरीवर पायताण काढतानाच म्हणाले, "झुंबर, आगं कुणाच्या लग्नाचा बॅंड हाय ह्यो?"

"तात्या, स्पीकर आहेत. ह्यांनी आणलेत."

"काय म्हणतीस? आगं मोठ्यानं बोल की. घशात कापूस कोंबल्यागत काय बोलतीस?"

आनंद तेवढ्यात पाळीवरून आला. त्यानं सासऱ्यांना समोर खुर्चीत बसवलं, दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधे, टेपनं अंतर मोजून आखलेल्या जागी. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, डोळे मिटले, दवाखान्यात छाती तपासून घेताना बसावं तसे बसले. तात्या, म्हणजे म्हस्कू, पंचक्रोशीत ढोलाचे जाणकार. जत्रेत गजीचा धनगरी नाच उभा राहिला की ढोलावर पहिली थाप त्यांची. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले,

"आवाज झकास हाय, जावईबापू. पर ह्यो येतोय कुठनं? ह्या डब्यातनं न्हाय, त्या डब्यातनं बी न्हाय. हाय कुठं त्यो?"

सुधानं कपबशी त्यांच्यापुढे ठेवली आणि आनंदकडे पाहिलं.

"नवीन आहेत, मामा," आनंद म्हणाला. "शंभर तास लागतात."

"व्हय, त्ये बी खरं. नवं चामडं लाजतंच." तात्यांनी चहा बशीत ओतला. "दोरी बघितली का पर?"

"याला दोरी नसते मामा, तार असते."

"मंग तार बघा."

"तार मी स्वतः लावलीय," आनंद हसून म्हणाला, आणि विषय संपला. कारखान्यातल्या शेकडो तारा ज्याच्या बोटांना पाठ आहेत, मशिन बंद पडलं की ज्याला घरून बोलावून नेतात, त्यानं स्वतः लावली म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार. तात्या फुर्रकन चहा प्याले आणि अबोलीला म्हणाले, "तुजा बाप लई हुशार हाय. पर आमच्या मेंढरावानी एकदा एका वाटंनं निघाला की निघाला." आनंद मनापासून हसला. सुधाही हसली. आणि शेवटच्या गाडीनं तात्या गेले.

मेथी निवडून झाली होती. काड्यांचा ढीग, पानांचा ढीग. बासरी डोक्याच्या मागे कुठंतरी लटकत होती. अबोली आता दोन्ही पेट्यांच्या मधे उताणी पडून पाय हलवत होती. सुधा काड्या गोळा करायला लागली आणि तिला ते साल आठवलं – मी सातवीत होते – जत्रेसाठी नवा ढोल मढवला होता. तात्यांची रीत अशी, की नवा ढोल देवापुढे एकदम न्यायचा नाही. आधी पंधरा दिवस पोरांच्या हातात द्यायचा. कशीही वाजवा, कितीही वाजवा. चामडं लाजणं सोडेल. मी, भाऊ मल्हार, शेजारची पोरं, शाळेतून आलो की धडाधड. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, ढोल तसाच ठस्स. दोन तोंडं दोन दिशांना. जो तो म्हणाला, अजून कच्चं हाय, वाजवा. तात्यांनी एक दिवस ढोल मांडीवर घेतला, पण थाप मारली नाही. बोटांनी दोरी चाचपत गेले, कडीकडीनं, आणि एका जागी थांबले. एक पेड उलटा ओवला होता. एक तोंड ओढलं की दुसरं सैल पडत होतं. त्यांनी तो सोडला, सरळ ओवला, थाप मारली… आणि गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

तेव्हा ते म्हणाले होते, "चामड्याला पंधरा दिस द्यावं. पर दोरीला एक दिस बी देऊ नये."

ह्याचं पोट पुढं आलं. आणि त्याचं आत गेलं.

सुधाच्या हातातून काड्या खाली पडल्या.

"अबोली, मघाशी काय म्हणालीस? पोटाचं?"

"ह्याचं पुढं. त्याचं मागं."

तिनं कॅसेट थांबवली. अॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं. मग चालू केलं, आणि या वेळी उकिडवी बसून डोळ्यांची पापणी न हलवता पाहिलं. ठुप. डावा गोल कणभर पुढे आला, उजवा कणभर मागे गेला. एवढंसं, श्वासाएवढं. एकानं सोडला, दुसऱ्यानं घेतला. दोघं दिवसभर असेच – हा ढकलतोय तेव्हा तो ओढतोय – आणि मधे काही उरत नाही.

तिनं बटण पुन्हा बंद केलं, भिंतीचाही खटका खाली केला, उजवी पेटी लेकराला कुशीवर वळवावं तशी वळवली. मागे दोन खटके, एक लाल, एक काळा. पारदर्शक प्लॅस्टिकमधून दोन तारा आलेल्या, एक तांब्याच्या रंगाची, एक रुपेरी. इथे तांब्याची काळ्यात होती. ती डाव्या पेटीपाशी गेली. तिथे तांब्याची लालमध्ये. परत उजवीकडे आली. परत डावीकडे. पदराला हात पुसले, काहीही ओलं नसताना.

हे आपण बघितलंच नसतं तर बरं झालं असतं… संध्याकाळी म्हणावं, अहो, जरा मागून बघा बरं. मग ते म्हणतील, मी स्वतः लावलीय. किंवा म्हणणार नाहीत, बघतील, आणि त्यांचा चेहरा थांबेल, रविवारी थांबला होता तसा, पण या वेळी पेटीमुळे नाही. किंवा काहीच म्हणू नये, उद्या सकाळी सांगावं, परत करा. कारण तू म्हणशील तसं. माझ्या हातात ठेवा किंवा परत एवढंच दिलंय, मागचे खटके कुणी दिलेत? आणि समजा मी उलटं केलं आणि काही जळालं? सुधा, तुला कुणी सांगितलं होतं हात घालायला?

तिनं लाल खटका दाबला आणि तार ओढली.

चार हालचाली. अबोलीच्या एका वेणीला रिबीन बांधायला लागतो तेवढा वेळ. तांब्याची लालमध्ये, रुपेरी काळ्यात. पेटी वळवली, फरशीवरच्या खडूच्या खुणेवर बरोबर बसवली. भिंतीचा खटका वर. बटण.

ठुप.

"आता दोघांचं पुढं!" अबोलीनं टाळ्या वाजवल्या.

सुधानं कपाटातून तिची कॅसेट काढली. मल्हारनं जत्रेत साध्या टेपवर भरलेली, गजीची. आनंदचं म्हणणं, असल्या कॅसेटवर स्पीकरची परीक्षा होत नाही, पण ती रोज एकदा लावायचीच, आणि रोज ढोल तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजायचा. कॅसेट लागली. खरखर झाली, कुणीतरी खोकलं –

आणि थाप पडली. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. मधून. कॅलेंडरच्या खालच्या उघड्या भिंतीतून, जिथे काहीच नव्हतं, तिथून ढोल आला, फरशीतून आला, तिच्या तळपायांना लागला. परातीतली मेथीची पानं थरथरली. दुसरी थाप. तिसरी. मग त्या धुरळ्यात, ढोलाच्या अलीकडे, स्पष्ट, एका मुलीचा आवाज उभा राहिला, "आरं ए मल्हाऱ्या, सरक की बाजूला! दिसंना मला!" – इतका मोठा, इतका बेफिकीर, की शेजारच्या गॅलरीपर्यंत गेला असणार.

इतके दिवस तो त्या कॅसेटमध्ये होता. मला वाटायचं, नुसता गलका आहे.

"कोण गं ती?" अबोलीनं विचारलं.

"झुंबर," सुधा म्हणाली.

"ती रागावलीय?"

"नाही. तिला बघायचंय."

ती खाली बसली, आनंदनं आखलेल्या जागी, खुर्ची बाजूला सारून फरशीवरच, आणि अबोली तिच्या मांडीवर येऊन बसली. दोघींनी ती बाजू संपेपर्यंत ऐकली. वरची झांज मऊ होती, हेही खरं होतं. ते तासांनीच केलेलं होतं, तारेनं नव्हे. म्हणजे आनंद चुकला नव्हता. कडा मऊ पडते. पण मग सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार… कुठलं चामड्याचं होतं आणि कुठलं दोरीचं? आणि जे दोरीचं होतं, त्यालाही मी तासच घालत बसले. मीच नाही, सगळ्यांनीच घातले. प्रेमानं घातले. नवीन आहे, रुळेल.

पावणेचारला फाटकाशी मोटारसायकल थांबली. कॅसेट तिनं उलटी करून लावली होती. आनंद दारात आला, एक बूट काढला, आणि दुसरा पायात तसाच ठेवून उभा राहिला. डबा हातातच. त्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग ते दवाखान्यातलं, दुपट्याची गाठ सुटल्यानंतरचं हसू.

"उघडले!" तो म्हणाला. "सुधा, उघडले! ऐकतेस ना? हा खालचा… आणि मधून येतंय बघ, बरोबर मधून!" एक बूट घालूनच तो आत आला, खाली बसला, अबोलीचा पापा घेतला, कॅलेंडरकडे बघून रेघा मोजल्या. "शंभरसुद्धा झाले नाहीत अजून! सांगत होतो की नाही मी? धीर धरायचा असतो. वेळ दिला की सगळं रुळतं." मग तिच्याकडे वळून, "आता उद्याची कशाला वाट बघायची? आत्ताच सांग. ठेवायचे ना?"

तो इतका खूश होता. त्याच्या कपाळावर हेल्मेटची खूण होती. तिला ती खूण पुसावीशी वाटली, आणि त्याच वेळी छातीत कुठेतरी ती कणभराची हालचाल झाली, जी मघाशी तिनं पापणी न हलवता पाहिली होती – पुढे.

"हातपाय धुऊन या," ती म्हणाली. "मग सांगते."

दोन्ही वाक्यं तिला स्वतःलाच ऐकू आली. ओरडून नव्हती म्हटली. पण ती ना घशातून आली होती, ना नाकातून, खोलीच्या बरोबर मधून आल्यासारखी आली होती. आनंदनं जरा मान वर करून पाहिलं. "बरं," तो म्हणाला, आणि दुसरा बूट काढून मोरीत गेला. नळाखाली बादली वाजायला लागली.

काय सांगायचं ते तिला माहीत होतं. कुठून सुरू करायचं ते नव्हतं. रविवारच्या टॉर्चपासून, की त्याच्याही मागून, परातीतल्या तांदळापासून? तिनं सांडलेल्या मेथीच्या काड्या एक एक करून उचलायला घेतल्या. अबोली शेजारी बसून तिला मदत करत होती, एक काडी तिची, एक काडी आईची, आणि अधूनमधून उजव्या पेटीच्या मागे वाकून बघत होती.

मोरीतला नळ बंद झाला.

"आई," अबोलीनं विचारलं, तिच्या नेहमीच्या, साऱ्या घरभर जाणाऱ्या आवाजात, "मग ती तार तू आधीच का नाही गं लावलीस?"